तीर्थाआधीचा तास

मथुराच्या हातून कधी काही चुकत नाही असं वाडीत सगळे म्हणत, आणि खरं सांगायचं तर त्यात फुकाचं कौतुक फारसं नव्हतं. वेळणेश्वरच्या अलीकडे डोंगराच्या उतारावर सतरा घरांची वाडी, वाडीला लक्ष्मीनारायणाचं बुटकं कौलारू देऊळ, आणि देवळाची पूजा काशीराम गुरवाच्या घराकडे. पूजेला बसायचा काशीराम, पण देवाची सकाळ वेळेवर व्हायची ती त्याच्या बायकोच्या जिवावर. साडेपाचला गाईची धार काढून झालेली, पावणेसहाला दूध, दही, तूप, मध, साखर घालून पंचामृत तयार, सहाला देवाचं स्नान, आणि सव्वासहाला मथुरा तीर्थाचं भांडं पदराखाली धरून घरी परत. लग्न होऊन आली त्याला सदतीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत सोयरसुतकाचे दिवस सोडले तर हे वेळापत्रक बदललं ते फक्त संदेश झाला तेव्हा.

त्या घराची एक रीत होती. औषध कुठलंही असो, ते तीर्थाबरोबर घ्यायचं. मथुराच्या सासूने ती तिला पहिल्याच पावसाळ्यात शिकवली होती, हिवतापाच्या कडू गोळ्या हातावर ठेवून. पुढे संदेशला लहानपणी कावीळ झाली तेव्हाचं औषध तीर्थातून, काशीरामची रक्तदाबाची गोळी तीर्थातून. अकरा वर्षं तो ती गोळी अशीच घेत होता आणि अजून नारळाच्या झाडावर चढत होता. तीर्थ देताना म्हणायच्या मंत्रातच ते सगळ्या व्याधी घालवतं असं सांगितलेलं आहे. मग हाताशी तीर्थ असताना नळाचं पाणी कशाला, असा मथुराचा सरळ हिशेब होता, आणि तिच्या जागी आपण असतो तर आपलाही तोच असता.

शिवाय तीर्थ म्हणजे खाणं नव्हे. एकादशीला, महाशिवरात्रीला, निर्जळी उपासालासुद्धा सकाळी तीर्थ घेतलेलं चालतं, उपास मोडत नाही. हे तर लहान पोरालाही ठाऊक असतं.

पाच वर्षांपूर्वी संदेशचं लग्न झालं. तो गुहागरच्या शाळेची व्हॅन चालवायचा. मुलगी सावर्ड्याची, वडलांचं हायवेलगत वह्यापुस्तकांचं दुकान. योगिनी घरात आली आणि मथुराला उतारवयात सोबत मिळाली. ती हसायला लागली की हातातलं काम खाली ठेवून हसायची. देवळापुढे तिने घातलेल्या रांगोळीवर पाय पडू नये म्हणून काशीरामसारखा नाकासमोर चालणारा माणूस वळसा घेऊन जायचा. मथुराला मुलगी नव्हती. ती उणीव तिने कधी कोणाजवळ बोलून दाखवली नव्हती, पण योगिनीने पहिल्यांदा ‘आई’ म्हटलं त्या दिवशी तिने उगाचच तीनदा ओटी झाडली.

दुसऱ्या वर्षी योगिनीला दिवस गेले आणि दोन महिन्यांत गर्भ पडलाही. तपासण्या झाल्या तेव्हा कळलं की गळ्यातली थायरॉइडची ग्रंथी कमी काम करते. चिपळूणच्या डॉक्टरीणबाईंनी बारीकशी पांढरी गोळी लिहून दिली आणि बजावलं, “रोज सकाळी अनशापोटी. एकही दिवस चुकवायची नाही.”

“चुकायची नाय,” मथुरा म्हणाली आणि गोळ्यांची डबी तिने स्वतःच्या पिशवीत टाकली.

शब्द तिने पाळला. योगिनीची झोप जड होती, त्या आजाराने जास्तच जड झाली होती. मथुरा देवळातून आली की थेट तिच्या उशाशी जायची, “ऊठ गो,” म्हणून खांद्याला हात लावायची, जिभेवर गोळी ठेवायची आणि वर तीर्थ द्यायची. इतरांना तीर्थ पळीभर. योगिनीला मात्र वाटीभर. पोर अशक्त झाली आहे, गाईचं दूध, घरचं तूप, डोंगरातला मध, अंगी लागेल, एवढाच विचार त्यात होता. दिवाळी असो, गावची पालखी असो, सोयरिकीचं लग्न असो, एक दिवस खाडा नाही. सुतकात देव बंद असायचा तेव्हाही मथुरा घरातल्या दुधात मध कालवून वाटी पुरी करायची.

तरी आजार हटेना. दर तीन महिन्यांनी रक्त तपासायचं आणि दर वेळी आकडा चढलेला, म्हणजे आजार वाढलेला. पंचवीसची गोळी पन्नासची झाली, पन्नासची पंचाहत्तरची, मग शंभरची. योगिनीचा आवाज जाडावला. ऐन चैत्रात ती खांद्यावर शाल घेऊन बसायची. तांदूळ निवडता निवडता तिचे डोळे मिटायचे. गुरवाची सून आळशी निघाली, अशी कुजबुज एकदा विहिरीवर मथुराच्या कानावर आली. कळशी तशीच ठेवून मथुराने त्या दोघी बायकांना अशा काही शब्दांत घेतलं की पुढे पंधरा दिवस त्या दुसऱ्या वाटेने पाण्याला गेल्या.

डॉक्टरीणबाई दर वेळी विचारायच्या, “अनशापोटीच घेता ना?” सासूसुना एका आवाजात ‘हो’ म्हणायच्या. खोटं कोणीच बोलत नव्हतं.

शंभरची गोळी चालू असतानाच पुन्हा दिवस गेले. आता सरकारी दवाखान्यातून रक्तवाढीची लाल गोळी आणि कॅल्शियमची मोठी गोळीही मिळू लागली. एकही राहू नये म्हणून मथुरा तिन्ही गोळ्या एकदमच द्यायची, त्याच वाटीवर. चौथ्या महिन्यात, गुरुवारी दुपारी, पाटावर जेवायला बसलेली योगिनी भिंतीला धरून उठली आणि मथुराला म्हणाली, “आई, काहीतरी होतंय.” पुढचं सांगण्यासारखं नाही. संध्याकाळी दवाखान्यातून संदेश बाहेर आला तेव्हा त्याच्या तोंडाकडे बघूनच मथुरा बाकावर बसली.

योगिनीच्या आईवडलांनी तिला सावर्ड्याला नेलं. तीन महिने राहिली. तिथून रक्त तपासल्याचा फोन आला : आकडा अगदी हवा तेवढा. आवाज मोकळा झाला होता, शाल सुटली होती. संदेशने आनंदाने सांगितलं, आणि मथुराला आनंद झालाच. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर आतून काहीतरी टोचत राहिलं. तीच गोळी, तीच पोर. माहेरी लागू पडते आणि आपल्याकडे नाही. आपल्या घरात काय कमी पडलं?

तिने ते काशीरामला विचारलं. काशीरामने देवाला कौल लावला. मूर्तीला चिकटवलेली फुलं उजवीकडे पडली नाहीत की डावीकडे, दुपारपर्यंत तशीच राहिली. देव बोलत नाही म्हणजे देवाचं काही राहिलं असणार, असं मथुराने मनाशी ठरवलं. योगिनी परत आली त्या सोमवारपासून तिने अभिषेकाचं दूध दुप्पट केलं. वाटीही बदलली. आता ती मोठी, काठाची वाटी.

चार महिन्यांत आकडा पुन्हा चढला, गोळी सव्वाशेची झाली आणि माघ महिन्यात योगिनीला तिसऱ्यांदा दिवस राहिले. या वेळी तिने आनंदाने सांगितलंही नाही. मथुरा भाकरी थापत होती, तिथे येऊन ती नुसती उभी राहिली, आणि मथुराने तोंडाकडे बघून ओळखलं.

दहावा आठवडा चालू असताना तिघं चिपळूणला गेली. संदेश व्हॅन लावायला गेला, योगिनीला रक्त द्यायला आत नेलं, आणि मथुरा फाइल मांडीवर घेऊन बाकावर बसली. शेजारी पन्नाशीची एक बाई होती, डोक्यावरून फुलाफुलांची ओढणी, हातात प्लॅस्टिकची पिशवी. तिने आपणहून बोलायला सुरुवात केली. साबेरा तिचं नाव, हर्ण्याची, सुक्या मासळीचा धंदा. गेली नऊ वर्षं थायरॉइडची गोळी घेते.

“रमजान आला आता महिन्यावर,” साबेरा म्हणाली. “दर वर्षी येऊन बाईंना इचारून जाते. तसा मला आता पाठच हाय. सहरीला पहाटचा खातो ना, त्याच्या तासभर आधी उठायचा, गोळी घ्यायची आन् गप बसायचा.”

“तासभर?” मथुराने विचारलं. “गप का?”

“तिच्यावर काय पडता नये. निस्त्या पाण्याबरोबर घ्यायची. तासभर च्या नाय, बिस्कुट नाय. आन् दूध तर नावच नको, काकी. दूध तिला अंगात शिरूच देत नाय. तुमच्या कोणाला हाय?”

“सुनेला,” मथुरा म्हणाली.

“पोटुशी हाय?”

मथुराने मान हलवली.

“मंग त्या कॅल्शियमच्या आन् रक्ताच्या गोळ्या देत असतील. त्या चार तास लांब ठेवा. एका वक्ताला घेतल्या की हिचा काय राहत नाय.” साबेरा सहज बोलत होती, वाट बघणारी माणसं बोलतात तशी. “माझी नणंद दोन वर्षं दुधाच्या च्यासंगती घेत होती. गोळी वाढत वाढत गेली. मंग कोणी सांगितला तशी तिने च्या सोडला, पन बाईंना काय बोलली नाय. लाज वाटली. ती वाढलेली गोळी एकदम लागू झाली. छाती अशी धडधडायची, हात कापायचे. रातोरात दवाखान्यात टाकावी लागली तिला.”

साबेराला आतून हाक आली. ती पिशवी सावरत उठली, “येते हां काकी,” म्हणाली आणि गेली. आपण काय करून चाललो आहोत हे तिला कधीच कळलं नसेल.

मथुरा बसली होती तशीच बसून राहिली. आधी तिला वाटलं, या बाईला काय कळतंय. मग सावर्डं आठवलं. तिथल्या घरी देवळाची पूजा नाही, गाय नाही. तिथे योगिनीची आई तिला गोळी देते ती माठातल्या पाण्याबरोबर. तीन महिन्यांत पोर टवटवीत होते. इथे परत येते, आणि आपण वाटी मोठी करतो. तिन्ही गोळ्या एकदम. चौथ्या महिन्यापर्यंत रोज, खाडा न करता, ऊठ गो म्हणून, आपल्या हाताने.

पायाखालची फरशी गार होती ती तिला एकाएकी फार गार लागली.

माणसाचं मन अशा वेळी काय करतं ते सांगायला लाज वाटण्यासारखं असतं, पण सांगितलं पाहिजे. मथुराच्या मनात पहिला विचार आला तो असा, की हे कोणालाच माहीत नाही. उद्यापासून वाटीत पाणी भरलं तर कोणी विचारणारही नाही. योगिनी अर्धवट झोपेत पिते. आकडा खाली येईल, देव पावला म्हणतील, पोर सुखरूप होईल. आणि ‘आई’ ही हाक आहे तशी राहील. हे सगळं तिच्या मनात जेमतेम दोन मिनिटं होतं. पण होतं.

मग योगिनी हात कोपरात दुमडून धरत आली आणि तिघांचा नंबर लागला. संदेश बाहेरच थांबला, फोनवर कोणाशी तरी बोलत. डॉक्टरीणबाईंनी संध्याकाळपर्यंत थांबायला लावलं नाही, आधीच्या आठवड्याचा रिपोर्ट त्यांच्यापुढे होताच. त्यांनी चष्मा काढला.

“आकडा चौदा आहे. या दिवसांत अडीचच्या आत पाहिजे. बाळाचं पहिले महिने आईच्याच ग्रंथीवर भागतं, त्याची स्वतःची ग्रंथी अजून तयार नसते. मला कळत नाही योगिनी, एवढी गोळी जाते कुठे? आपण दीडशे करू. पुढे बघून आणखी वाढवू.”

त्यांनी पेन उचललं. योगिनी ओठ आवळून टेबलाच्या कडेकडे बघत होती. मथुराला साबेराची नणंद आठवली. गुपचूप पाणी दिलं तर ही दीडशेची गोळी या पोरीच्या अंगात अख्खी लागणार. न सांगता सुधारायची वाट बंद होती.

“बाई, लिवू नका,” मथुरा म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी वर बघितलं.

“मी तिला गोळी दुधाबरोबर देते. म्हणजे तीर्थ. पण त्यात दूधच असतं, दही असतं. वाटीभर देते. आन् त्या दोन गोळ्या पण त्याच वेळेला. पयल्या दिवसापासून.” तिचा आवाज नीट होता. ती हातांनी दाखवू लागली : अशी गोळी जिभेवर, अशी वाटी, असा मानेखाली हात. दाखवता दाखवता तो मानेखालचा हात तिला खाली घेता येईना. “गेल्या वेळेला पण असंच दिलंय.”

योगिनीने मान वळवली नाही.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, “मावशी, हात खाली घ्या. पाणी पिणार?” मथुराने नकारार्थी मान हलवली. “अनशापोटी घेता का म्हणून मी दर वेळी विचारलं. कशाबरोबर घेता, ते एकदाही विचारलं नाही. ते माझंही राहिलंच.”

“गेल्या वेळचं मूल त्यानेच गेलं?” मथुराने विचारलं.

“ते मी सांगू शकत नाही. कोणीच सांगू शकणार नाही. त्याने गेलं असेल, नसेलही. सगळं नीट असूनही जातात.” त्या खोटं बोलून धीर देणाऱ्यांतल्या नव्हत्या. “पण आज बोललात ते बरं केलंत. आता गोळी वाढवायची नाही, सव्वाशेच ठेवू. उद्यापासून साध्या पाण्याबरोबर, मग तासभर काही नाही. लाल गोळी दुपारी, कॅल्शियम रात्री जेवल्यावर. चार आठवड्यांनी रक्त.”

बाहेर आल्यावर संदेशला मथुरानेच सांगितलं, व्हॅनच्या दारापाशी उभं राहून, सगळं. योगिनीवर ते काम टाकायचं नाही एवढं तिने ठरवलं होतं. संदेश ऐकत राहिला. शेवटी त्याने एवढंच विचारलं, “दुसऱ्या वेळेला पण?”

“हां,” मथुरा म्हणाली.

तो गाडीत बसला. शृंगारतळीला त्याने गाडी थांबवून योगिनीसाठी शहाळं घेतलं. दर वेळी तो दोन घ्यायचा, एक आईला. त्या दिवशी एकच घेतलं, आणि मथुराला ते बरोबर वाटलं.

काशीरामने पायरीवर बसून ऐकलं. रागावणं त्याच्या स्वभावात नव्हतं, आणि खोटी समजूत घालणंही नव्हतं. तो म्हणाला, “तीर्थ पळीभरच असतं, मथुरा. वाटीभर तू केलंस.” एवढं बोलून तो गाईला पेंढा टाकायला गेला. सदतीस वर्षांत तो तिला इतकं कठोर कधी बोलला नव्हता, आणि त्यातला एक शब्दही तिला खोडता येईना.

संध्याकाळी तिने गोळ्यांची डबी योगिनीच्या खोलीतल्या फळीवर नेऊन ठेवली. “आता तुझी तू घेत जा,” म्हणाली आणि उत्तराची वाट न बघता बाहेर आली.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती नेहमीसारखीच उठली. धार काढली, पंचामृत केलं, काशीरामच्या हाती दिलं आणि देवळात न जाता पडवीच्या पायरीवर बसली. हात मोकळे होते. त्या हातांचं काय करावं ते तिला सुचत नव्हतं. सहा वाजले. आत योगिनी झोपलेली असणार, गोळीची वेळ होऊन जाणार, आणि उठवायला जायची तिची हिंमत नव्हती. गेली तीन वर्षं ज्या खोलीत ती न विचारता शिरत होती, तिचा उंबरा तिला ओलांडवत नव्हता.

दार वाजलं. योगिनी केस न बांधताच बाहेर आली. एका हातात डबी, दुसऱ्या हातात पाण्याचा पेला.

“उठवलं नाहीत,” ती म्हणाली.

मथुराने पदर सावरून पायरीवर जागा केली.

“मी आपली पावणेसहापासून जागी आहे. तुम्ही याल म्हणून पडून राहिले.” तिने डबी मथुराच्या मांडीवर ठेवली. “माझ्या एकटीच्याने रोज व्हायचं नाही, आई. माझी झोप तुम्हाला ठाऊक आहे. तुम्हीच द्या.”

मथुराने गोळी काढली. इतक्या वर्षांत तिच्या बोटांतून गोळी कधी निसटली नव्हती, ती त्या दिवशी निसटली, आणि पायरीवर शोधायला दोघींना खाली वाकावं लागलं. ती टाकून मथुराने दुसरी दिली. योगिनीने पाण्याबरोबर घेतली. मग तिथेच पायरीवर, एक हात अंतर ठेवून ती बसली.

तो तास फार लांब होता. चहा नाही, बोलणं नाही. देवळातली घंटा झाली. काशीराम तीर्थाचं भांडं घेऊन आला, दोघींना बसलेलं बघून त्याने ते झाकून कोनाड्यात ठेवलं आणि तो अंगणातून गेला. सात वाजून गेल्यावर योगिनी उठली, तिने स्वतःच पळीभर तीर्थ तळहातावर घेतलं, आणि चहा टाकायला आत गेली. दोन कप टाकले.

मग रोज असंच होऊ लागलं. सहा ते सात. घराच्या धबडग्यात पाच वर्षं त्या दोघींना असा रिकामा तास कधी मिळाला नव्हता, आणि तो मिळाला तो असा. पहिले आठ दिवस मुके गेले. नवव्या दिवशी योगिनी समोर बघत म्हणाली, “मला तुमचा राग येतो, आई. मध्येच येतो. भात कालवताना येतो, कपडे वाळत घालताना येतो. तुम्ही मुद्दाम केलं नाहीत हे मला कळतं. तरी येतो.”

“येऊ दे,” मथुरा म्हणाली. “माझा मला पण येतो.”

चार आठवड्यांनी आकडा अडीचच्या खाली आला. डॉक्टरीणबाईंनी कागद मथुराच्या हातात दिला आणि आकड्यावर बोट ठेवलं. येताना शृंगारतळीला संदेशने दोन शहाळी घेतली.

पाचवा महिना लागला तेव्हाची गोष्ट. त्या दिवशी पायरीवर बसल्या बसल्या योगिनी एकदम म्हणाली, “तिचं नाव ठेवलं होतं मी.”

मथुराला आधी कळलंच नाही.

“गेली ती. मुलगी का मुलगा मला माहीत नाही, कोणी सांगितलं नाही. पण मला मुलगीच वाटायची. भांडी घासताना मी तिच्याशी बोलायची. अक्षया म्हणायची.” तिने डोळे पुसले नाहीत, तसेच वाहू दिले. “संदेशला पण सांगितलेलं नाही.”

मथुरा रडली ती त्या दिवशी. त्याआधी चिपळूणला नाही, व्हॅनमध्ये नाही, काशीराम बोलला तेव्हाही नाही. जे गेलं ते इतके दिवस तिच्यासाठी ‘दुसरी वेळ’ होतं, दवाखान्याच्या फाइलीतल्यासारखं. आता त्याला नाव होतं, आणि ते नाव घेऊन कोणीतरी भांडी घासताना बोललं होतं. योगिनीने मधलं हातभर अंतर तसंच ठेवलं, पण ती उठून गेली नाही.

आश्विनात योगिनी बाळंत झाली. मुलगी. तीन दिवसांनी बाळाच्या टाचेतून रक्त घेऊन तिचीही ग्रंथी तपासली, ती ठीक होती. मथुराने देवाला नारळ फोडला, पण दूध वाढवलं नाही. अभिषेकाला पूर्वीसारखं अर्धा लीटर, तीर्थ पळीभर, आणि पहाटेची गोळी पाण्याबरोबर. ती गोळी काही बाळंतपणाबरोबर संपत नाही, जन्मभर असते.

बाराव्या दिवशी बारसं. वाडीतल्या बायका जमल्या, त्यांत त्या विहिरीवरच्या दोघीही होत्या. पाळणा सजला. नाव काय ठेवायचं यावर आदल्या रात्रीपर्यंत संदेशचं आणि योगिनीचं एकमत होत नव्हतं. मथुरा बरेच दिवस एक विचार मनात बाळगून होती. गेलेलं परत देता येत नाही, पण निदान नाव तरी परत देता येईल, असा. तो विचार इतका तिचाच होता, काठोकाठ भरलेल्या वाटीसारखा, की त्यात काही चुकत असेल असं तिच्या मनातही आलं नाही. बायका बाहेर हळदीकुंकू घेत होत्या तेवढ्यात ती आत गेली आणि योगिनीच्या कानाशी वाकून म्हणाली, “अक्षया ठेवूया?”

योगिनी मुलीला पाजत होती. तिने वर बघितलं. डोळ्यांत राग नव्हता.

“ते नको, आई,” ती म्हणाली. “ते दिलेलं आहे.”

मथुराने मान हलवली. मग ती बाहेर गेली आणि पाळण्याच्या दोरीची गाठ पक्की आहे ना ते तिने पुन्हा एकदा ओढून बघितलं.